विंगेतून

न्हाणीच्या पायरीवरचा चिरा
साबणाच्या पाण्यानं बुळबुळीत झाला होता, एवढंच.
आवाजही मोठा झाला नाही,
शहाळं ओल्या मातीत पडावं तसा.
पण पप्पांचा डावा पाय
बाहेरच्या अंगाला वळला, आखूड दिसू लागला,
दुसऱ्या कुणाचा चुकून लावल्यासारखा.

सावईवेऱ्याहून बांबोळी. रात्रीचे दहा.
ॲम्ब्युलन्समध्ये ते माझ्यावरच डाफरत होते:
"काल्याचं नाटक तोंडावर आलंय, वही कोण धरणार?"

एक्केचाळीस वर्षं शांबा प्रियोळकर
विंगेत स्टुलावर बसून
गावातल्या राजांना, दारुड्यांना, सासवांना
त्यांचे शब्द पुरवत आले.
तोंडाला कधी रंग लागला नाही.
एक बारीक टॉर्च, एक वही, आणि पहिला शब्द.
"पहिलाच द्यायचा," मला सांगायचे.
"अख्खं वाक्य दिलंस तर नट कायमचा पांगळा."

डॉक्टर कार्व्हालोंनी कागद पुढे केला.
रक्त पातळ ठेवायची गोळी थांबवावी लागेल.
चालू ठेवली तर टेबलावर रक्त आवरणार नाही,
थांबवली तर, ठोके आधीच बेताल आहेत,
एखादी गुठळी सुटून वर जाऊ शकते.
"वर" म्हणताना त्यांचं बोट छताकडे गेलं.
मला देव आठवला.
त्यांना मेंदू म्हणायचं होतं.
मी सही केली. पेन उमटत नव्हतं, दोनदा गिरवली.

ऑपरेशन छान झालं.
दुसऱ्या दिवशी पेज प्यायले,
शेजारच्या खाटेवरच्या कुडतरीच्या मिंगेलबाबला
तिसऱ्या अंकापर्यंतची गोष्ट सांगितली.
चौथा उद्या, म्हणाले.

उद्या पहाटे चहा
ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून उशीवर उतरला.
मला वाटलं, झोपेत आहेत.
मला वाटलं, गुंगी असेल अजून.
मी अभ्रा बदलत बसले.
अभ्रा बदलायला किती वेळ लागतो?
अजून मोजते आहे.

सिस्टर ज्योस्लिन आली. "बाब, दोन्ही हात वर करा."
डावा गेला.
उजवा, वही धरणारा, चादरीवर पडून राहिला
एंट्री विसरलेल्या नटासारखा.
"नाव सांगा तुमचं."
पप्पांनी तोंड उघडलं
आणि विंगेत कुणीच नव्हतं.

मग ट्रॉली धावली, तिचं एक चाक कुरकुरत होतं,
एवढंच मला त्या सकाळचं नीट आठवतं.

सहा आठवडे झाले.
एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणतात,
हाड सुरेख जुळलंय.
खरंच सुरेख आहे. आतली सळई चांदीसारखी.

घरची कोंकणी अजून परतलेली नाही.
उदक नाही, शीत नाही, माझं नाव नाही.
येते ती रंगमंचावरची मराठी, तीही भलत्याच अंकातली.
काल पोदेराला म्हणाले, "प्रधानजी, सैन्य कुठवर आलं?"
तो सायकलवरूनच हसला, दोन पाव जास्त ठेवून गेला.
पप्पाही हसले, अर्ध्याच चेहऱ्यानं,
आणि लगेच रडू लागले.
मी पाव मोजत राहिले. बारा होते.

संध्याकाळी आम्ही बाल्कांवात बसतो.
वॉकर भिंतीला टेकवलेला.
देवळाकडून तालमीचा आवाज येतो,
नवा मुलगा वही धरतो, मोठमोठ्यानं, अख्खीच्या अख्खी वाक्यं,
आणि पप्पांची एक भुवई वर चढते.
ती चढली की मला बरं वाटतं.

मी भांडं त्यांच्या ओठांजवळ नेते, म्हणते,
"उ..."
आणि थांबते.
हे थांबणं किती लांब असतं
ते स्टुलावर बसल्याशिवाय कळत नाही.
"उ..." ते म्हणतात. गळ्याची शीर ताणते. "उ..."
"उठा, महाराज!"

मी उठते.
मग पुन्हा बसते, भांडं पुन्हा धरते.
"उ..."